तुम्ही विचारलंत म्हणून : माझे दात कसे गेले

चाळिशीच्या आत समोरचे दात बसवलेले म्हटल्यावर लोक विचारणारच. "मॅडम, घासत नव्हतात का?" नाहीतर आवाज खाली आणून, "मिश्री होती का?" दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पण नाही म्हटलं की समोरच्याच्या नजरेत 'बरं बरं' उमटतं, आणि ते मला आता सहन होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल, तर आमच्या परभणीकडे फ्लोराईडनं दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली माणसं गावोगाव आहेत. तो आजार वेगळा. माझे दात दिसायला पांढरे होते. हिरड्यांच्या आजारानं त्यांना मुळाशी धरून ठेवणारं हाडच झिजलं.

आणि मिश्रीचंच बोलायचं, तर माझी आजी जन्मभर मिश्री लावायची आणि म्हातारपणीही ज्वारीची कडक भाकरी चावून खायची. आईही लावायची, तिची कवळी पंचेचाळिशीच्या आत आली. दोघी एका चुलीवरच्या, पण आजी बापाकडची, म्हणजे रक्त वेगळं. असं नुसतं आमच्याच घरात घडलं नाही. हिरड्यांच्या आजाराचे संशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले 480 पुरुष मजूर पंधरा वर्षं पाहिले आणि 1986 मध्ये निष्कर्ष छापले. कुणी ब्रश करत नव्हतं, दाताचा डॉक्टर कुणाला ठाऊक नव्हता, सगळ्यांच्या दातांवर कीटण. तरी सुमारे 8 टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि 11 टक्के लोकांचा हिरड्या सुजण्यापलीकडे गेलाच नाही. सगळ्यांची अस्वच्छता सारखी, पण भोगणं सारखं नाही.

आता तो दिवस. मी सव्विशीची, नुकतीच नोकरीला लागलेली. समोरचा दात जिभेनं ढकलला की हलायचा. आईला घेऊन एका दवाखान्यात गेले. डॉक्टर हिरडीत बारीक सळई घालायचे, तिच्यावरच्या मिलिमीटरच्या खुणा वाचायचे आणि मागच्या मुलीला आकडा सांगायचे. सहा. आठ. सात. निरोगी हिरडीत ती एक ते तीनपर्यंतच जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला नुसते आकडे ऐकू येत होते आणि तोंडात रक्ताची चव होती. कागदावरची नजर न उचलता त्यांनी विचारलं, "मिश्री कधीपासून?" मी म्हटलं, कधीच नाही. "सगळ्या असंच म्हणतात." कोपऱ्यातल्या स्टुलावरून आई उठली. "लेकरू खोटं नाही बोलत साहेब. मिश्री मी लावते." मग जरा थांबून, "मह्यामुळं झालं का वो हे?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या पेशंटला हाक मारली. बसस्टँडवर मी चहा घेतला; आईनं घेतला नाही, गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढे संभाजीनगरला हिरड्यांच्या एका डॉक्टरीण बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कुणाचे दात लवकर हलले?" समोरचे दात आणि सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढा, आधी एवढ्याच गेलेल्या. वय लहान आणि मानानं कीटण कमी. हा प्रकार घराण्यांत दिसतो, म्हणाल्या. जंतू लागतातच, पण त्यांच्याशी लढताना शरीरात जी सूज पेटते तीच हाड विरघळवते, आणि ती कुणात किती पेटेल हे बरंचसं जन्मतः ठरतं. 2000 मध्ये छापलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण अर्धा वाटा अनुवंशाचा निघाला. उरलेला अर्धा तंबाखू, मधुमेह, स्वच्छता अशा गोष्टींचा.

मी धावत घरी येऊन आईला सांगितलं, मिश्रीमुळं नाही गं, हे अनुवंशिक आहे! वाटलं, तिचं ओझं उतरेल. ती म्हणाली, "म्हंजे मह्याच रक्तातून आलं की." मिश्री निदान तिला सोडता आली असती.

तेव्हापासून मी स्वतःशीच भांडते आहे. एक मन म्हणतं, दोष कुणाचाच नाही. दुसरं म्हणतं, मग धाकटीचे दात शाबूत कसे? तीच आई, तोच नळ, तीच टूथपेस्ट. बहिणी-बहिणींत सगळं रक्त सारखं उतरत नाही, हे मी शाळेत मुलांना शिकवते. तरी धाकटी हसली की मन मानत नाही. आणि तो अर्धा वाटासुद्धा पुष्कळ माणसांच्या एकत्र हिशेबातला. माझ्या एकटीच्या तोंडात रक्ताचं किती आणि बाकीचं किती, ते त्यातून निघत नाही. पण म्हणून तंबाखूला मोकळं सोडावं असंही नाही. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढला तरी लवकर कळत नाही.

मागच्या दिवाळीत एका मावशींनी बजावलं, 'अनुवंशिक' हा शब्द बाहेर काढू नकोस, पोरीला स्थळं यायची आहेत. पोर नववीत आहे. मावशींची काळजी खोटी नाही, आपल्याकडे काय होतं ते मीही पाहिलंय. पण आईच्या कवळीबद्दल घरात कुणी बोललं नाही, म्हणून पंधराव्या वर्षी माझ्या हिरड्या कुणी मोजल्या नाहीत. मुलीच्या मी दर सहा महिन्यांनी मोजून घेते. आतापर्यंत सगळे आकडे दोन आणि तीन आहेत. स्थळ येईल तेव्हा काय सांगायचं, ते तिनं ठरवायचं की मी, यावर आमचं अजून एकमत नाही.