दहाव्या माणसाची जागा : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये एका लेथवर काम सुरू केले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून आलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) पृष्ठ सपाट करून (फेसिंग), त्यांतील मोठे छिद्र मापात आणून (बोअरिंग) आणि भोके पाडून (ड्रिलिंग) ते परत पाठवायचे, हाच तेव्हा आमचा व्यवसाय होता आणि आजही मुख्यतः तोच आहे. या काळात राज्याचे उद्योग धोरण अनेकदा बदलले आणि गुंतवणुकीच्या मोठमोठ्या घोषणाही झाल्या. परंतु आमच्यासारख्या जॉबवर्क करणाऱ्या शेडच्या दृष्टीने त्यांतील बहुतेक गोष्टी वर्तमानपत्रापुरत्याच राहिल्या. आमचा व्यवसाय खऱ्या अर्थाने वाढला तो विधिमंडळाने एका कायद्यातील दोन आकडे बदलल्यामुळे, आणि ही हकिकत मुख्यतः त्या आकड्यांचीच आहे.

त्याआधी जकातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमची शेड महापालिकेच्या हद्दीत आणि फौंड्री हद्दीबाहेर असल्यामुळे, विक्रीसाठी नव्हे तर केवळ मशिनिंगसाठी आत आलेल्या मालाचाही हिशेब नाक्यावर पटवून द्यावा लागे. जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराने नाका गेला, पण वह्या वाढल्या. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांसाठी राज्याने तो कर बंद केला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता फौंड्रीचा माल डिलिव्हरी चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) येतो, वर्षाच्या आत परत गेला की त्यावर कर लागत नाही आणि आम्ही फक्त मजुरीवर कर आकारतो.

खरी अडचण माणसांच्या संख्येची होती. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे विजेवर यंत्रे चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की ती जागा कारखाना ठरत असे. मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून नकाशा मंजूर करून घेणे, परवाना, नोंदवह्या आणि विवरणपत्रे हे सारे ओघाने आले. कायद्याचा हेतू रास्त आहे. प्रत्येक कामगाराला किमान १४.२ घनमीटर मोकळी जागा असावी, या नियमाला कोण हरकत घेईल? तथापि उद्यमनगरातील जुन्या शेड एकमेकींना खेटून, सामाईक भिंतींवर उभ्या आहेत आणि आमच्या घरमालकाकडे शेडचा मंजूर नकाशाच नव्हता, त्यामुळे आम्हाला परवान्याचा अर्जही पूर्ण करता येत नव्हता. परिणामी हजेरीपटावरील नावे नऊच्या पुढे जाणार नाहीत, याची काळजी आम्ही वर्षानुवर्षे घेतली. त्या काळी आमच्या गल्लीत एकाच शेडच्या दोन दारांवर दोन फर्मच्या पाट्या दिसत. एक नवऱ्याच्या नावाची, दुसरी बायकोच्या, आणि आत कॉम्प्रेसर मात्र एकच! आम्ही तो मार्ग न धरता जास्तीचे काम बाहेर देत राहिलो.

त्याची किंमत कशी मोजावी लागे, हे एका उदाहरणाने सांगतो. बेअरिंग हाउसिंगचे बोअर आम्ही करायचे आणि बोल्टची भोके दुसऱ्या शेडमध्ये पाडून घ्यायची, अशी व्यवस्था होती. वास्तविक एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि भोके झाली तर त्यांचे केंद्र जुळते. तोच नग उतरवून दुसऱ्या मशीनवर बांधला की डायल (केंद्र जुळवण्याचे मापक) कितीही लावली तरी काही मायक्रॉनचा फरक राहतोच. ग्राहकाच्या तपासणीत असे नग नापास होत, डेबिट नोट (पैसे वजा केल्याची चिठ्ठी) आमच्या नावाने येई आणि वाया गेलेल्या कास्टिंगचे पैसेही आमच्याच बिलातून कापले जात. व्हीएमसी (एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि भोके करणारे संगणकनियंत्रित मशीन) घेतले असते तर हा प्रश्न सुटला असता. परंतु ते दोन पाळ्यांत चालवल्याशिवाय बँकेचा हप्ता निघत नाही आणि दुसऱ्या पाळीसाठी माणसे घेतली की दहाचा आकडा ओलांडला जातो.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने कारखाने अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहाऐवजी वीस आणि विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी वीसऐवजी चाळीस कामगार ही मर्यादा ठरली. पुढे कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या केंद्राच्या २०२० च्या संहितेतही हेच आकडे आले. कामगार संघटनांनी या बदलावर टीका केली आणि ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही, कारण लेथच्या फिरत्या ‘चक’ला (नग पकडून फिरणाऱ्या भागाला) बाहेर कोणता कायदा लागू आहे हे कळत नाही. चकगार्ड, गॉगल आणि मशीनचे आपत्कालीन बटण यांबाबत आमच्याकडे कारखान्याचेच नियम आजही पाळले जातात. मात्र ज्या नियमामुळे सुरक्षितता वाढण्याऐवजी एका शेडच्या दोन शेड होत होत्या, तो बदलायलाच हवा होता.

दहावा माणूस म्हणून आम्ही आयटीआय झालेला एक ऑपरेटर घेतला आणि त्याच वर्षी कर्ज काढून व्हीएमसी बसवले. दहा कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते, ती झाली. तिचा मालकाचा हिस्सा तेव्हा ४.७५ टक्के होता आणि जुलै २०१९ पासून तो ३.२५ टक्के आहे. हा खर्च मला कधी जड वाटला नाही. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना केवळ सूचना देणे पुरेसे ठरले. आम्ही तोवर ती रेषा ओलांडली होती, त्यामुळे रीतसर नोंदणी करावी लागली. पण ती ऑनलाइन आणि विनासायास झाली.

मुदतीच्या कायद्यांबद्दल मात्र माझे मत इतके चांगले नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आणि उद्योगांच्या परवानग्यांसाठीचा २०२३ चा ‘मैत्री’ कायदा, दोन्हींचा गाभा असा की ठरलेल्या दिवसांत अर्जाचा निकाल लागला पाहिजे आणि तसे न झाल्यास वर दाद मागता आली पाहिजे. औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेतल्यावर एका परवानगीसाठी आम्ही अर्ज केला, तेव्हा मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी पोर्टलवर ‘त्रुटी’ निघाली. ती दूर केली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ लागले. सर्व त्रुटी पहिल्या आठवड्यातच आणि एकदाच सांगण्याचे बंधन घातल्याशिवाय अशा मुदतींना अर्थ येणार नाही. राजस्थान आणि गुजरात यांनी २०१९ मध्ये वेगळा मार्ग निवडला : लघुउद्योगाने घोषणापत्र द्यावे, काम सुरू करावे आणि राज्याच्या परवानग्या पहिली तीन वर्षे संपल्यानंतर सहा महिन्यांत मिळवाव्यात. आमच्यासारख्यांना तो अधिक उपयोगी पडला असता.

विभागीय समतोलाचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. त्या भागांचा अनुशेष पाहता ती द्यायलाच हवी होती. परंतु कागलपुढे दूधगंगा ओलांडली की कर्नाटक लागते आणि आमची स्पर्धा नागपूरशी नसून बेळगावशी आहे. त्या राज्याने उद्योग सुलभीकरणाचा कायदा २००२ मध्येच केला होता. सवलतीचा नकाशा तालुक्याच्या मागासलेपणावर आखला जातो, सीमेपलीकडे काय मिळते हे त्यात कोठेच येत नाही.

सध्या हजेरीपटावर सतरा नावे आहेत. विसाव्या माणसाबरोबर भविष्य निर्वाह निधी आणि कारखान्याचा परवाना हे दोन्ही एकाच वेळी लागू होतील. नव्या शेडचा नकाशा आम्ही परवान्याच्या हिशेबानेच आखून मंजूर करून घेतला आहे आणि दुसऱ्या व्हीएमसीची मागणीही नोंदवली आहे, त्यामुळे या खेपेस भरती थांबवण्याचा विचार नाही.