प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते? आधी सिस्टरांना भेटा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन मिरजेत झालं. भेटायला येणारा प्रत्येकजण ऑपरेशनची चौकशी करतो. लघवीची नळी काढल्यावर पुढे काय होतं ते मात्र कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. म्हणून सगळं उघड लिहितोय.

नळी निघाली आणि उठून उभा राहिलो तोच पायजमा ओला. खोकलो, शिंकलो, खुर्चीतून उठलो की गळायचं. आडवा असलो की कोरडा. फॉलोअपच्या सिस्टरांनी कारण सांगितलं ते पटलं. लघवी अडवायला दोन झडपा असतात. वरची ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटबरोबर जाते, मग सगळा भार खालच्या स्नायूवर पडतो. दिवसभरात तो दमतो, म्हणून संध्याकाळी त्रास जास्त.

त्यांनी पडदा ओढला, हिलाही आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "काका, दिवसाला पॅड किती लागतात? नुसते ओलसर होतात की जड होतात? संडासला जोर करावा लागतो का?" इतकं स्पष्ट तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मला खरंच हायसं वाटलं.

मग वही घालून दिली. काय प्यालो, किती वाजता गेलो, काय करताना गळालं. शिवाय पॅडचं वजन. कोरडे पॅड आधी मोजायचे, चोवीस तासांत वापरलेले पिशवीत बंद करून ठेवायचे आणि मग मोजायचे. फरक जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर लघवी गळाली. हिनं त्यासाठी वेगळा छोटा काटा आणवला. मनाला "काहीच फरक नाही" वाटायचं तेव्हा वहीतला आकडा उतरलेला दिसायचा, आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला.

खरी मेहनत व्यायामाची. गुडघे दुमडून झोपायचं, वारा आणि लघवी एकदमच अडवल्यासारखं आतून वर ओढायचं. "पोटावर हात ठेवा, पोट आवळायचं नाही. कुल्ले सैल. आणि आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे दम रोखला जाणार नाही." जितका वेळ ओढलं तितकाच वेळ सैल सोडायचं. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्यानं. लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही, नळी असतानाही नाही. पुढे त्यांनी शिकवलं की खोकण्याआधी, उठण्याआधी ओढून धरायचं. मला सगळ्यात जास्त गुण त्यानंच आला.

गळतं म्हणून पाणी कमी करू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चेतवलं जातं. मला दिवसाला दीड ते दोन लिटर सांगितलं होतं. चहा मात्र कमी केला. सांगलीत कुणाच्या घरी गेलं की तो टळत नाही, तरी अर्धा कप. कातडीला कोमट पाणी, चोळायचं नाही, टिपायचं, वर झिंक ऑक्साइडचं मलम.

सांगलीच्या आमराई बागेत फिरायला जाऊ लागलो ते खिशात जादा पॅड, कागद आणि पिशवी घेऊनच. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा नसतो. नगरपालिका असो की हॉल, तो ठेवायलाच हवा. हे दुखणं आपल्याकडे कमी नाही.

एकदा अचानक गळणं वाढलं आणि कॅन्सर परतला की काय या धास्तीनं झोप उडाली. सिस्टर फोनवर म्हणाल्या, "काका, गळण्यावरून कॅन्सर कळत नाही. त्यासाठी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची रक्ततपासणी आहे, ती वेळच्या वेळी करा." पण धार बारीक झाली, लघवी अडली, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या तर लगेच या, हेही बजावलं.

आता घरात पॅड लागत नाही. बाजाराची जड पिशवी उचलली की अजून थेंबभर येतं. बऱ्याच जणांचं वर्षभरात सुधारतं. त्यानंतरही राहिलंच तर स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी, किंवा कृत्रिम झडप बसवायचं ऑपरेशन असतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर नळी काढल्यावर कोणत्या सिस्टर बघणार, त्या कधी भेटतात, हे आताच विचारून ठेवा. व्यायामही ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या.