कोणती सिस्टर?

"तुम्ही दवाखान्यातल्या सिस्टर की चर्चच्या?"

अंथरुणाला खिळलेल्या आजींचा प्रश्न. सिस्टर म्हणाल्या, "आधी कूस बदलू, मग सांगते."

दर दोन तासांनी कूस. पाठीशी उशी लावून जेमतेम 30 अंश कलतं ठेवायचं. पूर्ण कुशीवर वळवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. माकडहाडाशी लाल डाग होता. बोटाने दाबला, पांढरा पडेना; म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात. सून तेल चोळायला निघाली, तिला थांबवलं: आतून दुखावलेली कातडी चोळल्याने आणखी बिघडते.

उत्तर राहूनच गेलं. तशी सोय आपल्या भाषेनेच केलीय म्हणा, दोघींना एकच शब्द!

1633 साली धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल आणि त्यांच्या सहकारी लुईझ द मारियाक यांनी पॅरिसमध्ये 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' ही धर्मभगिनींची संस्था सुरू केली, तेव्हा धर्मभगिनी म्हणजे बहुधा मठाच्या भिंतीआडची. यांचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं. त्यांची व्रतं आजही एकेका वर्षाची. 25 मार्चच्या सुमाराला दरवर्षी नव्याने घ्यायची. म्हणजे दरवर्षी पुन्हा 'हो' म्हणायचं. मला आयुष्यभराच्या एका शपथेपेक्षा हेच अवघड वाटतं.

चारला परत कूस. आजींना तेव्हा तरी उत्तर मिळालं असेल का?