तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ किती?

"मुद्दाम केलात काय ओ?" चार वर्षं झाली, बेळगावच्या शहापुरात कुणीही चहाला थांबवून हेच विचारतं. परवा एका गिऱ्हाईक बाईनं साडीचा पदर बघता बघता विचारलं. म्हणून एकदाच सांगतो.

गणपतीतला पोरांचा कार्यक्रम. कोडी माझी, उत्तरांच्या चिठ्ठ्याही माझ्याच. शेवटचं कोडं : १ ते १०० आकडे लिहिले तर ९ किती वेळा लिहावा लागतो? आमच्या गल्लीतला पोरगा म्हणाला, एकोणीस. मागल्या गल्लीतली, कानडी घरातली पाचवीची पोरगी म्हणाली, वीस. माझ्या चिठ्ठीत १९. कंपास पोराला दिला.

पोरगी खाली बसली नाही. माझ्यासमोर येऊन बोटं मोजायला लागली. ओंबत्तु, म्हणजे नऊ. हत्तोंबत्तु, १९. इप्पत्तोंबत्तु, २९. प्रत्येक आकड्यात तो ओंबत्तु खणखणीत ऐकू येत होता. एंबत्तोंबत्तुला, म्हणजे ८९ला, नऊ बोटं झाली, तोंबत्तुला, म्हणजे ९०ला, दहावं. मग मुठी मिटून पुन्हा पहिल्यापासून, तोंबत्तोंदु, तोंबत्तेरडु, ९१, ९२... आठ बोटं झाली आणि तोंबत्तोंबत्तु, म्हणजे ९९, म्हणताना उरलेली दोन्ही एकदम वर. काही न बोलता तिनं ते दोन हात तसेच माझ्यापुढं धरले.

मी दिवसभर गल्ल्यावर कानडीत पैसे मोजतो. मला कळलं नाही असं नाही. तरी म्हणालो, "बाळ, चिठ्ठीत एकोणीस आहे." मंडपात कुणीतरी टाळी वाजवली. ती टाळी मला नको होती. थांबवलीही नाही.

आपल्याकडं २६४, ८१४, ८६५ हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या गावांचे आकडे पोरांना पाढ्यांआधी पाठ. माझ्या एकोणीसाचाही दुसऱ्या दिवशी सीमाप्रश्न झाला, यात नवल काय?

आता माझी बाजू. ९ असलेल्या संख्या १९च आहेत. ९९ ही संख्या एकच, तिच्यात नऊ दोनदा असला तरी. मी संख्या मोजल्या होत्या. बायको म्हणते, "तुम्ही 'किती वेळा' विचारलात, मी पहिल्या रांगेत होते." असेन विचारलं.

मधली दोन वर्षं मी एक दुसरंच कारण सांगत फिरलो, आणि ते लोकांना आवडायचंही. आपल्या मराठीत नऊ लपतो, म्हणायचो. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला. पार एकोणऐंशीपर्यंत नऊ कानावर पडतच नाही. कानडीत तो दर वेळी हजर. म्हणजे चूक माझी नव्हे, कानाची!

एका रात्री गल्ला मोजताना ते कारणही गेलं. माझा हुकलेला नऊ एकोणिसातला नव्हताच, तो ९९मधला होता. आणि नव्व्याण्णवात तर मराठीही नऊ दोनदा म्हणते.

मग मुद्दाम? नाही. चिठ्ठी आधीच लिहिलेली होती, पोरं कोण येणार हे मला ठाऊक नव्हतं. पण वीस म्हणणारा आमचा पोरगा असता आणि त्यानं तशी बोटं धरली असती, तर मी चिठ्ठी पुन्हा उघडून बघितली असती काय? बघितली असती, असं वाटतं. कधी वाटतं, नसती. मी हट्टी आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

पोरगी आता नववीत आहे. आईबरोबर दुकानात येते. त्या दोघी आल्या की सुटे पैसे मी मनातल्या मनात मोजतो.