तांबेऱ्याच्या प्लॉटमधली एक हिरवी ओळ

मी इंदूरला गव्हाच्या ब्रीडिंगमधे काम करते. फेब्रुवारी संपता संपता तांबेऱ्याचं, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाचं रीडिंग घ्यायचं असतं, कुठल्या ओळीवर तो किती पसरलाय ते. रोग आम्हीच मुद्दाम लावतो, मधे मधे लगेच बळी पडणारी वाणं पेरायची, संध्याकाळी बीजाणूंचं पाणी फवारायचं, मग ओळींमधून नुसतं चाललं तरी सलवार भगवी होते.

त्या दिवशी मी ओरडून सांगतेय, काका फील्डबुकात लिहितायत, ऐंशी एस (म्हणजे ऐंशी टक्के रोग, आणि एस म्हणजे रोगाला बळी पडणारी ओळ), साठ एस, परत ऐंशी एस, आणि मधेच एक ओळ हिरवीगार! फवारणीतून सुटली असेल म्हणावं तर शेजारच्या दोन्ही ओळी पार करपलेल्या. वाकून भिंगातून पान बघितलं. सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके पानभर, पण एकातही बीजाणूंची भगवी पावडर नाही. म्हणजे बुरशी आत शिरली होती, पण जिथे शिरली तिथल्या पेशी झाडाने स्वतःच मारून टाकल्या, आणि ही बुरशी जगते फक्त जिवंत पेशींवर, त्यामुळे तिथेच उपाशी मेली. मी किती वेळ ते पान धरून बसले होते कुणास ठाऊक.

ही ताकद आली इजिलॉप्स टॉशी नावाच्या रानगवतातून. कॅस्पियनच्या आसपास उगवतं, आणि आपल्या पोळीच्या गव्हाचा हा एक बाप. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी तो संकर आपोआप झाला, पण त्यात गवताची मोजकीच झाडं आली, बाकीची रोगप्रतिकारशक्ती रानातच राहिली. म्हणून ब्रीडर तो संकर परत करतात, कठिया गव्हावर या गवताचे पराग टाकायचे, गर्भ लॅबमधे वाढवायचा, कॉल्चिसिन नावाच्या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करायची. आमची ओळ त्यातलीच पुढची पिढी.

काकांनी एक ओंबी चोळून बघितली. "ताई, दाणाच सुटत नाही हो हिचा."

बरोबर होतं त्यांचं. चिवट तूसपण गवताकडूनच येतं, आणि ते काढायला चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत राहावं लागतं, वर्षं जातात. शिवाय एकट्या जीनवर भरवसा ठेवता येत नाही. राय धान्यातून आलेल्या एसआर ३१ या जीनने काळा तांबेरा (तांबेऱ्याचाच एक प्रकार) जगभर कितीतरी वर्षं रोखून धरला, आणि १९९८ मधे युगांडात त्यालाही न जुमानणारी बुरशी निघालीच. म्हणून दोन-तीन जीन एकाच वाणात बसवायचे असतात, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या हातात टिकाऊ काही देता येतं.

ओळीतल्या प्रत्येक रोपाला टॅग बांधला आणि तिथूनच मॅडमना फोन लावला, पुढच्या हंगामाच्या क्रॉसच्या यादीत हिला सगळ्यात वर टाका म्हणून.