तुम्ही विचारलंत म्हणून : फेल्टच्या पताकेवर मराठी शब्द

“फेल्टच्या पताकेवर इंग्रजी शब्द सगळीकडे दिसतात, मराठी का नाही? मराठी अक्षरांचे साचे कुठे मिळतील?” हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. (फेल्ट म्हणजे न विणता, तंतू दाबून केलेलं जाडसर कापड.) साचे लागतच नाहीत. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं कापायचं, अंतर मोजायचं, मग ओळीत बसवायचं. आपल्याकडे शिरोरेघ आहे. अख्खा शब्द एका तुकड्यात कापला की ओळ आपोआप सरळ राहते.

साच्यापेक्षा शब्द निवडायला वेळ द्या. पताका काठीकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती. म्हणजे वेलांटी, मात्रा, अनुस्वार शब्दाच्या सुरुवातीला असले तर त्यांना जागा मिळते. ‘चिकाटी’ अर्थाने झकास, पण शेवटच्या ‘टी’ची वेलांटी नेमकी निमुळत्या भागात येऊन कडेवर आपटते. ‘जिद्द’मधला ‘द्द’ तिथेच खाली लोंबतो, शिवाय त्याची बारीक घरं (अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागा) कापताना फाटतात. ‘हिंमत’ मात्र या आकारासाठीच घडवल्यासारखा : वेलांटी-अनुस्वार पहिल्या अक्षरावर, पुढची दोन साधी. ‘धीर’ही चालतो.

आता कापड. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा वारकऱ्यांच्या खांद्यावरची पताका पातळ कापडाची असते, ती फडफडते. फेल्ट फडफडत नाही. तो विणलेलाच नसतो. घोंगडी विणतात, बुरणूस मात्र लोकर दाबून-चोळून करतात, त्या बुरणुसाचा हा भाऊबंद. ताणाबाणा नाही म्हणून कडेचे दोरे सुटत नाहीत, दुमडून शिवावं लागत नाही. नाशिकात मेन रोड-शालिमारकडे शिवणसामानाच्या दुकानात विचाराल तर ‘मऊ की कडक?’ असं विचारतील. मऊ घ्या, कडकात सुई घालताना बोटं दुखतात. बहुतेक फेल्ट पॉलिस्टरचा असतो. भिंतीवर लावायला तो पुरतो.

माप : काठीकडची बाजू २० सेंमी, लांबी ४५. ए-फोर आकाराची शीट यासाठी आखूड पडते, मीटरवरचा घ्या. एक मि.मी. जाडीचा एकच थर लावला तर टोक मान टाकतं, म्हणून दोन थर हवेत. दोन त्रिकोणांना ४० सेंमी रुंदी लागेल असं वाटतं, पण दुसरा उलटा ठेवला की ३० सेंमीत दोन्ही बसतात. कापायला थोडी मोकळीक धरून ३२ × ४७ सेंमीचा तुकडा मागा. अक्षरांसाठी दुसऱ्या रंगाची एक ए-फोर शीट पुरते.

शब्द आधी कागदावर, खऱ्या मापात काढा. काठीकडून ५ सेंमी सोडून सुरुवात, शब्दाची रुंदी साधारण २३. पताकेच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पा, शिरोरेघ तिच्या अडीच सेंमी वर आणि तिला समांतर. इथेच बहुतेकांची गफलत होते. शिरोरेघ पताकेच्या उतरत्या कडेला समांतर घेतली तर शब्द घसरगुंडीवर बसल्यासारखा दिसतो, आणि ‘हिंमत’ खचलेली दिसणं बरं नव्हे! रेघ सरळ ठेवा, अक्षरांची उंची कमी करत न्या : ‘हि’चा रेघेखालचा भाग साडेसात सेंमी, ‘म’ सहा, ‘त’ पावणेपाच. वेलांटीची कमान रेघेच्या वर तीन सेंमी. रेघ आणि दांड्या एक सेंमी जाड. आठ मि.मी.च्या खाली गेलात की दोन्ही कडांचे टाके एकमेकांना भिडतात आणि मधला फेल्ट तुटतो.

कागदी शब्द कापून फेल्टच्या मागच्या बाजूवर पालथा ठेवा आणि शिंप्याच्या खडूने गिरवा. पालथा ठेवायला विसरलात तर ‘हिंमत’ आरशातली निघते. पेन वापरू नका, शाई पुढे उतरते. आधी आतली घरं कापा, बाहेरची कड नंतर, कारण बाहेरून सुटा झालेला तुकडा हातात हलतो. कागदाला वापरलेली कात्री फेल्टला लावू नका, ती कापत नाही, चावते.

शब्द पुढच्या थरावर ठेवून शिरोरेघेवर कच्चा दोरा घाला. टाचण्यांनी फेल्ट फुगतो, आणि गोंद वाळला की सुई अडते. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचे दोन पदर, ७ नंबरची सुई, कडेपासून २ मि.मी. आत धावदोरा. सुरुवात रेघेच्या मध्यावर करा आणि दोन्ही टोकांकडे जा. एका टोकाकडून निघालात तर कापड सरकत दुसऱ्या टोकाला फुगवटा जमतो. दोरा ओढून घट्ट करण्याची सवय इथे नडते. फेल्टला विणीचा आधार नाही, दोरा त्यात रुततो आणि शब्दाभोवती चुण्या पडतात. टेकेल इतकाच ओढा. उसवलेल्या टाक्याचं भोक नखाने घासलं की बरंचसं बुजतं. अनुस्वाराला गोल टिकली कापण्यापेक्षा तीन-चार फ्रेंच नॉट (सुईवर दोरा गुंडाळून घातलेल्या गाठी) जवळजवळ घाला, पक्का बसतो.

मागचा थर आता लावायचा, म्हणजे गाठी झाकल्या जातात. तो सगळीकडून ३ मि.मी. मोठा कापा, पुढच्याला कच्चा जोडा, मग दोन्ही कडा जुळवून छाटा. टोक अर्धा सेंमी बोथट करा, अणकुचीदार टोकावर टाके मावत नाहीत. दोन्ही तिरप्या बाजूंना ब्लँकेट-टाका (कडेवर दोऱ्याचा वळसा अडकवत जाणारा टाका) घाला, तीन पदरांनी, ५ मि.मी. उंच. कड सुमारे ९२ सेंमी भरते, तिला सव्वातीन मीटर दोरा लागतो, म्हणजे आठ मीटरची एक लडी भरपूर झाली. मात्र एकावेळी हातभरच घ्या, लांब दोरा फेल्टवर घासून लव धरतो.

काठीसाठी २० × ५ सेंमीची पट्टी मधोमध दुमडून पताकेची कड पाऊण सेंमी आत घ्या आणि टीप घाला. ६ मि.मी.ची बांबूची काडी त्यात सहज जाते. चुण्या राहिल्याच तर इस्त्री अगदी मंद, वर सुती फडकं. तापलेल्या इस्त्रीला पॉलिस्टर चिकटतो आणि तो डाग जात नाही. टोकामागे दोऱ्याचा छोटा फास शिवून बारीक खिळ्याला अडकवा, दोन थर असूनही वर्षभरात टोक थोडं झुकतंच. नाशिकच्या कोरड्या थंडीत पॉलिस्टर केस आणि धूळ ओढून घेतो. पताका धुवू नका, चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून हलकेच टिपा.