मोहरी-आहार, तिसरी फेरी: ग्लुकोजची पट्टी का फसली
मोहरीचं झणझणीत विष घाटे अळीची वाढ रोखतं का, हे पाहायचं आहे. कच्ची मोहरी, उकळलेली मोहरी आणि बिनमोहरीचा कंट्रोल (तुलनेसाठीचा आहार): तिन्ही आहारांवर घाटे अळी सारखीच वाढली. सातव्या दिवसाच्या वजनात काही फरक नाही. आहार घट्ट करणाऱ्या गरम अगारमध्ये मायरोसिनेज (मोहरीतलं सिनिग्रिन हे संयुग फोडणारं एन्झाइम) मरत असावं, असा गेल्या नोंदीतला अंदाज होता, म्हणून या खेपेला पूड ४५ अंशांवर मिसळली. तरी कच्च्या आहारावर ग्लुकोजची पट्टी (ग्लुकोज असलं की रंगणारी) कोरीच राहिली. सिनिग्रिन फुटलं की मोहरीच्या झणझणीत तेलासोबत ग्लुकोज सुटायलाच हवं, आणि वास तर नाक झोंबेल इतका होता.

चूक पट्टीत होती. तिच्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजपासून पेरॉक्साइड तयार करतं आणि त्यातून रंग येतो. आहारातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, रंग यायच्या आत ते पेरॉक्साइड संपवून टाकतं. पडताळा असा: दोन कपांत प्रत्येकी १ ग्रॅम कच्ची पूड आणि १० मिली कोमट पाणी, १५ मिनिटं थांबा, मग एकाच कपात चिमूटभर व्हिटॅमिन सी टाका. साध्या कपात पट्टी रंगली, दुसऱ्यात नाही. आयोडेटचा थर असलेल्या पट्ट्या मिळाल्या तर त्याच घ्या; व्हिटॅमिन सी त्या थरातच अडतं.

म्हणजे मायरोसिनेज जिवंत होतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. मोहरीचा विषारी बॉम्ब अळीच्या तोंडाऐवजी वाटीतच फुटला. अलाइल आयसोथायोसायनेट, म्हणजे तेच झणझणीत तेल, उडून जातं आणि उरलेलं आहारातल्या केसीनच्या (दुधातलं प्रथिन) अमिनो गटांना चिकटतं. अळ्या दुसऱ्या दिवशी सोडल्या, तोवर विष जवळपास संपलं होतं. उकळलेल्या पुडीत सिनिग्रिन शाबूत, पण ते फोडणारं एन्झाइम नाही. शिवाय घाटे अळी आयसोथायोसायनेटला ग्लुटाथायोन हा स्वतःच्या शरीरातला रेणू जोडून निकामी करते. त्यात सिस्टीन हे अमिनो ॲसिड खर्च होतं, पण केसीनने भरलेल्या आहारात ती झळ दिसणं अवघडच.

पानात सिनिग्रिन आणि मायरोसिनेज वेगळ्या पेशींत असतात, चावल्यावरच भेटतात. तेव्हा आहार बाजूला. आता कोबीच्या पानाच्या २ सेंमी चकत्या. त्यांवर अर्क वाळवायचा, फोडण्याचं काम पानाचं मायरोसिनेज करेल. पानात स्वतःचं ग्लुकोसिनोलेट (सिनिग्रिनच्या कुळातलं संयुग) असतंच, त्यामुळे तुलना फक्त वाढीव मात्रेची.

अर्क: २० ग्रॅम अख्खी मोहरी १०० मिली उकळत्या पाण्यात १० मिनिटं, मग त्याच पाण्यात वाटून आणखी ५ मिनिटं उकळून गाळा. आधी ओली वाटलीत तर सगळं तिथेच फुटतं. पेरणीचं बियाणं नकोच, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. कॅटलॉगमधल्या शुद्ध सिनिग्रिनवर या टप्प्यात पैसे घालण्यात अर्थ नाही.

अर्काची परीक्षा मात्र झकास जमली. सिनॅपिस आल्बाच्या (पांढरी मोहरी) कच्च्या पुडीत मायरोसिनेज भरपूर, पण तिचं स्वतःचं तिखट तेल उडत नाही, म्हणून नुसत्या पाण्यात नाक शांत. तीच पूड अर्कात टाकली आणि काही मिनिटांत डोळ्यांत पाणी! सिनिग्रिन शाबूत असल्याची याहून स्वस्त खूण नाही. पिवळी दिसणारी प्रत्येक मोहरी आल्बा नसते. पाण्यात टाकल्यावर झोंबली तर ती दुसरी.

प्रत्येक चकतीवर २० मायक्रोलिटर अर्क. मेणचट पानावरून थेंब ओघळतो, म्हणून अर्कात ०.१ टक्का ट्वीन-२० (थेंब पसरवणारा साबणासारखा पदार्थ). कंट्रोलला नुसतं पाणी आणि ट्वीन असं ठरलं होतं, पण अर्कातल्या साखरेमुळेही अळी जास्त खाईल. त्यापेक्षा थोडा अर्क आल्बाच्या पुडीने फोडायचा, उघड्या भांड्यात उकळून तेल उडवायचं, उडालेलं पाणी भरून काढायचं आणि तो दुसरा कंट्रोल.

घाटे अळीच्या जोडीला डायमंडबॅक, म्हणजे कोबीवरची चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. तिच्या आतड्यातलं सल्फाटेज हे एन्झाइम सिनिग्रिनचा सल्फेट गटच काढून टाकतं, मग मायरोसिनेजला धरायला काही उरत नाही. सिनिग्रिन तिला उलट खायला उद्युक्त करतं, म्हणून नुसतं वजन फसवेल. खाल्लेल्या पानाच्या दर चौरस सेंमीमागे वाढ मोजायची. चकत्यांचे फोटो आलेखकागदावर, अळ्या सोडण्याआधी आणि २४ तासांनी. खालचा गाळणकागद ओलसर हवा, पण पाणी साचलं तर अर्क धुऊन जाईल.